विसरवाडीचं रीळ

तुमच्या पेट्यांवर धूळ बसू दिलेली नाही, एवढं आधी सांगते. मग भांडायला बसते.

कापसाच्या खोलीत सगळ्या पेट्या तुम्ही ठेवल्या होत्या तशाच आहेत. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी दारातून डोकावून विचारलं, आता या भंगाराचं काय करायचं? मी म्हटलं, भंगार तुमच्या घरी असेल. जाऊबाईंनी जीभ चावली. नवरा गेलेल्या बाईनं असं बोलू नये म्हणतात. मी तुमच्यामागे काय काय बोलू नये याची यादी सगळ्यांकडे तयार आहे. तुम्ही माझ्याशी काय बोलायला हवं होतं, ते मात्र कुणी विचारत नाही.

तेराव्याचा मांडव उतरला आणि दुसऱ्या दिवशी विसरवाडीचे सुकलाल मिस्त्री आले. तुमचे गॅरेजवाले, बॅटऱ्या भरून देणारे. ओट्यावर बसले, पाणी प्यायले नाहीत. धोतराच्या सोग्यात बांधलेला तंबाखूचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, हाई भाऊनं शे. मन्हाजोडे ठेवेल व्हतं. आते तुमनं शे." तुम्ही त्यांच्याकडे ठेवायला दिलेलं म्हणे. मला वाटलं, एखादी चकती असेल नाहीतर भिंग. उघडलं तर आत रीळ होतं. मधोमध भोकं असलेलं, बोटभर रुंदीचं. मी ते उजेडाकडे धरलं आणि पहिल्याच चित्रात कौशी दिसली.

तुम्हाला सांगते, त्या घटकेला तुम्ही समोर असता तर मी तो डबा तुमच्या कपाळात मारला असता.

कारण आपली कौशी जळाली होती. म्हणजे ती घटसर्पानं गेली, पाच वर्षांची, तिचं काही जळालं नव्हतं, तिला आपण मातीत ठेवलं. जळालं होतं ते तिचं रीळ. तुम्हीच मला सांगितलं होतंत. आणि ते जळालं माझ्यामुळे, हे तुम्ही सांगितलं नव्हतं, पण मला तसं समजू दिलं होतं.

आता नीट पहिल्यापासून बोलते. तुम्हाला मध्येच उठून जायची सवय होती, आता जाऊन दाखवा.

लग्न होऊन मी तापीकाठच्या प्रकाशा गावी आले तेव्हा तुमच्या घरात कापूस होता, केळी होती, आणि एकच बिघडलेली पेटी होती. नवापूरच्या पारशीबाबांनी माळा झाडताना बाहेर काढलेली. घरच्या घरी भिंतीवर सिनेमा दाखवायचं यंत्र, बाजूला दळणाच्या जात्यासारखा फिरवायचा हात. सगळं गंजलेलं. भाऊबंद शेतात आणि तुम्ही रॉकेलच्या वाटीत स्क्रू बुडवून बसलेले. सासूबाई म्हणायच्या, "पोऱ्या येडा व्हई गया." मी नंदुरबारच्या मास्तरांची मुलगी, सातवी झालेली. मला तो वेडेपणा पहिल्या दिवसापासून आवडला, हे तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

मग तुम्हाला नादच लागला. लोक काठी गावच्या होळीला जातात नि ढोल ऐकून येतात. तुम्ही गेलात आणि जंगलखात्याच्या कुठल्याशा साहेबाची मोडकी पेटी खांद्यावर घेऊन आलात, तोंडावर गुलाल आणि पाठीवर गंजाचे डाग. एखाद्या पेटीच्या दातेरी चाकाला दाते नव्हते, ते तुम्ही शहाद्याच्या तांबटाकडून पितळेचे करवून घेतलेत. कुणाचं भिंग फुटलेलं, तिथे तुमच्या वडिलांच्या जुन्या चष्म्याची काच बसवलीत. आपल्याकडे वीज नव्हती, म्हणून आत ट्रकचा दिवा घातलात आणि तो ट्रकच्या बॅटरीवर लावलात. केळीची गाडी सुरतेकडे निघाली की तुम्ही विसरवाडीपर्यंत तिच्यातून जायचात, सुकलालकडे बॅटरी भरायला टाकायचात, तिथेच दिवस काढायचात, आणि परतीच्या गाडीनं यायचात.

मला तुम्ही त्या खोलीत घेतलंत. तेव्हा घरातल्या बाईनं यंत्राला हात लावायचा म्हणजे शिलाई मशीन, तेही माहेरी. तुम्ही म्हणालात, "तुन्ही बोटं बारीक शेतस. जोड तू देशी." तुटलेली फिल्लम जोडायला मी शिकले. ब्लेडनं कड खरवडायची, काडीच्या टोकानं चिकटवायचं औषध लावायचं, दुसरं टोक त्यावर नेमकं बसवायचं, अंगठ्याखाली धरून ठेवायचं. माझा जोड भिंतीवर दिसायचा नाही. तुमचा जोड आला की चित्र उडी मारायचं आणि मी हसायचे. "हसू नको वं," म्हणायचात, आणि पुढच्या वेळी रीळ मुकाट माझ्यापुढे सरकवायचात. प्रत्येक जोडाला एखाद-दोन चित्रं जातातच, हेही तुम्हीच मला शिकवलंत. जोड म्हणजे थोडं कापणं आलंच.

आणि आपले नियम होते. तुम्हीच केलेले. दोघं असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. एकानं खोलायचं, दुसऱ्यानं धोतराच्या फडक्यावर ओळीनं मांडायचं. चालवताना आधी हात, मग दिवा. थांबताना आधी दिवा, मग हात. कारण दिवा चालू राहून हात थांबला तर समोरचं चित्र वितळतं. एकदा तुमच्याच हातून पारशीबाबांच्या कुटुंबाच्या सहलीत एका बाईचं तोंड असं फुगून पिवळं झालं होतं. त्यावरून दोन दिवस भांडलो होतो आपण. मी म्हणायचे, बाईचं तोंड गेलं तुमच्यामुळे. तुम्ही म्हणायचात, ती बाई पस्तीस वर्षांपूर्वीची आहे, तिला काय फरक पडतो?

पेट्यांबरोबर अशी परक्यांची रिळं यायची. कुणाचा कुत्रा, कुणाचं लग्न, कुणी मडमबाई झोपाळ्यावर. आपण त्यांना ओळखायला लागलो होतो. शेजारच्या बाया यायच्या, भिंतीवर बघायच्या आणि त्या मडमेला नावं ठेवायच्या.

त्यातल्याच एका पेटीबरोबर चावीचा छोटा कॅमेरा आला. तुम्ही मुंबईहून एकच नवं रीळ मागवलंत. एकच. काय घ्यावं यावर आपण महिनाभर वाद घातला. तुम्हाला केदारेश्वराचा घाट हवा होता, मला कौशी. शेवटी तापीच्या वाळूत, टरबुजाच्या वाफ्यांमध्ये कौशीला उभी केली. लाल झगा. तिला तिच्याएवढं टरबूज उचलायचं होतं. उचलेना, मग ओढायला लागली. पडली. उठून तुमच्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी तुमच्या मागे, उजव्या बाजूला उभी होते, मला ऐकू आलं: "हाई मन्हं शे." टरबूज तिचंच म्हणे. मग मी हाक मारली आणि ती माझ्याकडे धावली. एवढंच. कॅमेऱ्याची चावी संपली.

रीळ मुंबईला धुवायला गेलं. ते परत यायच्या आत कौशी गेली.

तुमच्या आईचं म्हणणं मला आजही पाठ आहे. "गयेली पोरनं नखबी घरमा ठेवानं नहीं. नहीं ते दुसरं लेकरू टिकत नहीं." झगा, कानातलं, लाकडी बैल, सगळं त्यांनी टोपलीत भरून तापीत सोडलं. माझ्या मनात एकच होतं, अजून रीळ यायचं आहे. त्या रिळाचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेही नदीतच जाणार हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मला वडिलांनी थोडे दिवस नंदुरबारला नेलं. निघताना मी तुम्हाला एवढंच म्हटलं, पार्सल आलं तर मी येईपर्यंत उघडू नका. तुम्ही मान हलवलीत.

परत आले तर तुम्ही कापसाच्या खोलीत बसलेले. हातात फिल्लमचा वीतभर तुकडा, वितळून सुरकुतलेला. "पट्टा घसरना, कौशीनी माय," म्हणालात. "गोळा करनारं चाक फिरनं नहीं. फिल्लम अडकनी." त्यापुढे मला समजावून सांगायची गरज नव्हती. ते चाक ओढणारा चामडी पट्टा शिलाई मशीनचा होता आणि तो मी शिवला होता, कौशी तापानं फणफणत होती त्या दिवसांत, एक डोळा तिच्याकडे ठेवून. पट्टा सैल झाला असेल. झाला असणारच. मी तुम्हाला विचारलंही नाही की माझ्याशिवाय पेटी उघडलीत कशी. ज्याच्या हातून रीळ गेलं त्याच्यावर ओरडायचं, की जिनं पट्टा शिवला तिनं गप्प बसायचं? मी गप्प बसले.

नऊ वर्षं मी गप्प बसले हो.

त्यानंतर तुम्ही मला "कौशीनी माय" म्हणणं सोडलंत. मला वाटलं, तुमच्या मनात माझ्यावर राग आहे आणि तुम्ही तो गिळता. मी आणखी मऊ वागले. प्रत्येक पट्टा दुहेरी शिवायला लागले, ओढून ओढून पाहायचे, तुम्ही म्हणायचात, "बस वं, इतलं काय दखस." मला रडू यायचं तेव्हा तुम्ही दुपारी खोलीच्या खिडक्यांना पोती लावायचात आणि पारशीबाबांचं रीळ लावायचात. त्यात एक छोटी पोरगी आहे, केसांना फीत बांधलेली, पायऱ्या उतरणारी. ती मी पुन्हा पुन्हा मागायचे. परक्याचं लेकरू मी भिंतीवर बघायचे आणि तुम्ही शेजारी उभे राहून हात फिरवायचात. आणि आपलं लेकरू विसरवाडीला, टायरच्या ढिगामागे, तंबाखूच्या डब्यात. हात कसा चालला तुमचा?

जाऊबाई म्हणायच्या, विसरवाडीत यांची कुणीतरी आहे, नाहीतर बॅटरीला इतका वेळ लागतो होय? मी हसून सोडून द्यायचे. मनातून वाटायचं, असेल तर असो, मी त्यांचं केवढं घालवलं आहे. आता कळलं, जाऊबाईंचं खरं होतं. होतीच तुमची तिथे कुणीतरी. पाच वर्षांची. लाल झग्याची.

मी सुकलालना सरळ विचारलं, हे काय आहे, कधीपासून आहे? बिचाऱ्यांची मान वर होईना. मग हळूहळू बोलले. रीळ पोस्टानं आलं त्याच दिवशी तुम्ही ते उघडलंत आणि दुसऱ्या गाडीनं विसरवाडीला नेलंत. तिथेच एक जुनी पेटी दुरुस्त करून ठेवलीत आणि बॅटरी भरेपर्यंत तिच्यावर ते बघायचात. तो जळका तुकडा दुसऱ्याच कुठल्या रिळाचा होता, मुद्दाम दिव्यापुढे धरलेला. आईला दाखवायला. जळालं म्हटल्यावर नदीत सोडायचा प्रश्न मिटला. इथपर्यंत मला समजतं. इथपर्यंत मी तुमचे पाय धरीन. तुमच्यासारखा आईच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस, पोरीसाठी आईशी खोटं बोलला.

"पन माले का नहीं सांगं?" मीच मग अहिराणीत विचारलं. मराठी कुठे गेली कोण जाणे.

सुकलाल म्हणाले, "भाऊ म्हने, तिले सांगं ते ती रोज दखी, नि माय वळखी जाई. तिना तोंडवर लपत नहीं."

बरं. मी ते रोज बघितलं असतं आणि सासूबाईंनी ओळखलं असतं; माझ्या तोंडावर लपत नाही, खरं आहे. पण सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली की. त्यांचं वर्षश्राद्धही झालं. दुसरं लेकरू आपल्याला झालंच नाही, म्हणजे नदीनं झगा घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही. मग कुणासाठी लपवलंत? हेही विचारलं. सुकलाल तंबाखू मळत म्हणाले, "मंग भाऊ म्हने, आते कोनता तोंडे सांगू."

हे मला सहन होत नाही. आधीचं खोटं पोरीसाठी होतं. नंतरचं फक्त तुमच्या तोंडासाठी. तुम्हाला एक वाक्य जड गेलं, आणि त्या वाक्याचं ओझं माझ्या डोक्यावर राहिलं. "पट्टा घसरला नव्हता," इतकंच म्हणायचं होतं. बाकीचं मी समजून घेतलं असतं. भांडले असते, आठ दिवस अबोला धरला असता, ताट आपटलं असतं. मग बॅटरी जोडली असती.

सुकलाल गेल्यावर मी खोलीत गेले. खिडक्यांना पोती लावली. नियमाप्रमाणे दोघं हवीत, पण नियम तुम्ही आधीच मोडलेला. पारशीबाबांचीच पेटी घेतली. पट्टा माझाच, तोच जुना; तुम्ही तो कधी टाकून दिला नव्हतात, खिळ्याला टांगून ठेवला होता. मी ओढून पाहिला. घट्ट होता. नऊ वर्षांनंतरही घट्ट.

रीळ बोटांतून सोडताना मला तुमचे जोड लागत गेले. डोळे मिटूनही ओळखले असते. वाकडे, औषध जास्त झालेले, कडा उचकटलेल्या. एक, मग लगेच दुसरा, मग आणखी. मधली भोकं फाटलेली, चित्राच्या मधोमध वरून खाली ओरखडे. दर फेरीला थोडं फाटलं असेल, दर वेळी तुम्ही ते सुकलालच्या बाकावर बसून तुमच्या त्या जाड बोटांनी जोडलं असेल, आणि दर जोडाला एखाद-दोन चित्रं गेली असतील. टरबूज ओढायचं जवळजवळ गेलंच आहे. ती पडते तेही गेलं, एकदम उठूनच उभी राहते. "हाई मन्हं शे" म्हणताना ओठ एकदाच हलतात. थोडी थोडी करून तुम्ही तिला एकट्यानं संपवत होतात. आणि घरात असा जोड देणारी बाई होती की एक ओरखडा दिसला नसता. ती तेव्हा परक्याची पोर बघत होती.

इतकी चिडले होते की हात थांबेल की काय वाटलं. दिवा चालू होता. थांबवला नाही.

मग मी हाक मारली तिथवर रीळ आलं, आणि चित्र एकाएकी स्वच्छ झालं. जोड नाही, ओरखडा नाही. जणू कालच धुऊन आलंय. हे असं का, ते मला माहीत होतं, सुकलालनी जाता जाता सांगितलं होतं. तुम्ही दर वेळी इथेच थांबायचात. दिवा मालवायचात आणि रीळ उलटं गुंडाळायचात. त्यांनी एकदा विचारलं, भाऊ, पुढलं का नाही बघत? तर तुम्ही म्हणालात, "पुढलं तिनी मायनं शे. ती तिनाकडे धावस. ते मी कसं दखू?"

माझा हिस्सा राखून ठेवलात. मला न सांगता. तुमच्या या हिशोबाला हसू की रडू, मला अजून कळलेलं नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी माझा राग निम्मा खाली बसला होता. म्हटलं, निदान एवढं तरी माझं आहे, अख्खं आहे.

कौशी धावली. चित्रातून उजवीकडे, माझ्या बाजूला, बाहेर गेली. मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं. तुम्ही कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला होता, पण बोट तसंच दाबलेलं राहिलं होतं. भिंतीवर वाळू आली, तिरकी. मग तुमचं पाऊल, वहाण, धोतराचा काठ. आणि उजवीकडून दोन छोटे पाय परत आले. माझ्यापर्यंत येऊन ती वळली होती. मला आठवलं मग, मी तिला तुम्हाला आणायला पाठवलं होतं: जा, आप्पाले लई ये. तिचा हात आला, तुमचं धोतर मुठीत धरलं, आणि ओढायला लागली, टरबूज ओढत होती तशीच, सगळं अंग मागे टाकून. तुमचं पाऊल उचललं गेलं. तिथे रीळ संपलं.

तो हिस्सा माझा नव्हता हो. तुमचा होता. ती तुम्हाला न्यायला परत आली होती, आणि नऊ वर्षं तुम्ही तिच्या अलीकडे दोन हातांवर दिवा मालवत होतात. एकदा मला शेजारी बसवलं असतंत, तर मी म्हटलं असतं, थांबू नका, फिरवा. मी फिरवायलाच लावलं असतं.

भिंत पांढरी झाली होती. मी आधी दिवा मालवला, मग हात थांबवला.